अर्धा तास अंधार, मग उजेड

...नाही हो, आण मोडायची नसते हे मला मान्य आहे! शंभर टक्के मान्य आहे! देवाची आण, त्यात नागनाथाची, त्यात पिंडीवर बेल ठेवून घेतलेली... पण एक माणूस आत कोंडलाय, दाराची मूठ बाहेरून नुसती अशी फिरवायची आहे, नळाची तोटी फिरवतो तेवढी, आणि बाहेर उभा असलेला दुसरा माणूस म्हणतो, "न्हाई सर, मला हात लावता येत न्हाई..." तर आतल्या माणसानं काय करावं, सांगा बरं! बसा, बसा, जागा असेल तिथं बसा. कोण कुठं बसलंय मला काही दिसत नाही, पण आवाज येतो, तेवढं बस झालं.

मी अंगद. गाव साखरा, नोकरी औंढ्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर नुसता अंगद! आणि पीएचडी चालू आहे. 'चालू आहे' हे मी आठ वर्षांपासून सांगून राहिलो. नाव नोंदवलं तेव्हा आमचा रुद्र त्याच्या आईच्या पोटात होता, आता तो तिसरीत आहे, आणि मला विचारतो, "पप्पा, तुमची कितवी?" काय सांगू लेकराला? आठवीच म्हणायची!

विषय काय, तर धातूचे समन्वय बहुवारिक आणि त्यांचं प्रकाश-उत्प्रेरण. घाबरू नका! आमचे गाइड विश्वंभर सरसुद्धा हे एका दमात म्हणत नाहीत. सोपं आहे. एक जस्ताचा कण, त्याचे हात दोन्हीकडून सेंद्रिय रेणूंनी धरलेले, त्या रेणूंचे दुसरे हात पुढच्या जस्तानं धरलेले, पुन्हा रेणू, पुन्हा जस्त... सगळे एकमेकांचे हात धरून बसलेत, कोणाचं कोणाला सोडता येत नाही, अशी जाळी. आमच्या कॉलेजची मॅनेजमेंट समजा. ही जाळी करायची कशी? जस्ताचं मीठ, ते सेंद्रिय आम्ल आणि पाणी एका पोलादी डबीत घट्ट बंद करायचं, भट्टीत एकशेवीस डिग्रीला ठेवायचं, तीन दिवस. तीन दिवस हात लावायचा नाही, हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही, अगदी विरजण लावल्यासारखं. आणि औंढ्यात तीन दिवस सलग लाइट राहायची! अकरा वेळा लावलं तुम्हाला सांगतो, अकरा वेळा, आणि दहा वेळा डबीत चिखल! अकराव्यांदा लाइट कशी काय कोण जाणे टिकली, आणि डबी उघडली तर आत पांढरे शुभ्र बारीक खडे... मी रडलो. खरंच रडलो. भगरीच्या पिठासारखी बारीक ती पावडर, चहाचा अर्धा चमचा भरेल न भरेल, आणि तिच्यावर माझी आठ वर्षं.

आता ह्या पावडरीची परीक्षा. निळ्या रंगाचं पाणी घ्यायचं, त्यात पावडर टाकायची, उन्हात ठेवायचं. उन्हाच्या जोरावर पावडर तो रंग मोडते, पाणी बिनरंगाचं होतं. कारखान्याचं रंगीत पाणी नदीत जातं ना, ते उद्या असं फुकटच्या उन्हात साफ करता येईल, आहे की नाही मोठं काम? पण उन्हात ठेवण्याआधी एक नियम आहे. रंगाचं पाणी आणि पावडर अर्धा तास अंधारात फिरवायची. काहून? तर थोडा रंग पावडरीला नुसता चिकटतो, तो काय चिकटायचा तो आधी चिकटून घेऊ द्यायचा, मग उन्हाची करामत मोजायची. सगळ्या जगात हाच नियम! विश्वंभर सरांनी पहिल्या दिवशी पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अंगद, अर्धा तास अंधार, मग उजेड! घाई नाही करायची." मला वाटलं सर माझ्या आयुष्याबद्दल बोलून राहिले! म्हणलं चला, अर्ध्याच तासाचा प्रश्न आहे!

अंधार आणायचा कुठून? चंचुपात्राला चांदीचा कागद गुंडाळायची पद्धत आहे, मी गुंडाळला होता, त्याला कुठंतरी भोक होतं, तर कोणीतरी परदेशी परीक्षक, ज्याचं नाव माहीत नाही गाव माहीत नाही, त्यानं माझ्या पेपरवर लिहून पाठवलं, "उजेड आत गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." आता हा साता समुद्रापलीकडं बसलेला माणूस, ह्याला माझ्या कागदाचं भोक दिसलं! म्हणून मग ही खोली. पूर्वी इथं परीक्षेचे गठ्ठे ठेवायचे. खिडकी नाही, झरोका नाही, दाराच्या फटीला मी काळी पट्टी लावली. आत मी, माझं चंचुपात्र, खाली चुंबकाची फिरकी, आणि चावीचं गजराचं घड्याळ, त्याच्या काट्यांना रेडियम म्हणून तेही रुमालात गुंडाळलेलं. मोबाईल बाहेर मसाजीकडं. अर्धा तास बसायचं, गजर झाला की आतून मूठ फिरवायची, पात्र छातीशी धरायचं आणि जिन्यानं गच्चीवर. अर्धा तास अंधार, मग उजेड!

मसाजी म्हणजे आमच्या विभागाचा शिपाई. माणूस सोन्यासारखा. काचेची भांडी असा धुतो की वाटतं नवीन आणली. त्याला एक दोष, शब्दाचा पक्का! झालं काय, मागच्या दिवाळीनंतर मी असाच अंधारात बसलेलो, आणि वरून पाल पडली, ती थेट मानेवर. मी ओरडलो. कोणीही ओरडेल! मसाजीनं धाडकन दार उघडलं, "काय झालं सर, काय झालं?" उजेड आत! सगळं वाया! मला असा राग आला, असा राग आला, की मी मसाजीला गाडीवर बसवला, नागनाथाच्या देवळात नेला, आणि म्हणलं, घे आण. त्यानंही घेतली. पिंडीवर बेल ठेवून, मोठ्यानं, चार माणसांसमोर... "अंगद सर आत असतील तवर मी त्या दाराला हात लावनार न्हाई. सर आतून बोंबलले तरी न्हाई." ते बोंबललेलं वाक्य माझं, मीच म्हणायला लावलं! लई हुशार ना मी!

आता ऐका. त्या परीक्षकानं आणखी एक मागितलं होतं. तीच पावडर धुऊन धुऊन पाच वेळा वापरून दाखवा. चार वेळा झालं होतं, पाचवी बाकी. पेपर परत पाठवायची मुदत सोमवार. पेपर नाही तर प्रबंध नाही, आणि मार्चअखेर माझी नोंदणीच संपत होती, म्हणजे आठ वर्षं पाण्यात, तेही निळ्या पाण्यात! आणि हातात उरला एक रविवार. तो रविवार कोणता? महाशिवरात्रीचा! सगळं औंढा देवळाकडं, कॉलेजात चिटपाखरू नाही. मंजुषा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आज तरी घरी थांबा, देवाला जाऊ." मी म्हणलं, आजच तर जायला पाहिजे, यात्रेच्या दिवशी लाइट जात नाही! मसाजीला उपास, तरी बिचारा आला. अकराला मी आत गेलो, दार ओढलं, फिरकी चालू. अर्धा तास अंधार, मग उजेड.

गजर झाला. उठलो, मूठ धरली, फिरवली... आणि मूठ हातात आली.

हातात आली हो! दाराला नाही राहिली! मी अंधारात उभा, एका हातात मूठ. आधी हसूच आलं. म्हणलं काय झालं त्यात, बाहेर मसाजी आहे. आवाज दिला, "मसाजी, दार उघड रे, आतली मूठ निघाली."

मसाजी दाराजवळ आला. मग म्हणतो, "सर, तुमी आतच हायेत ना?"

"आतच आहे ना, म्हणून तर म्हणून राहिलो उघड!"

"मंग कसं उघडता येईल सर? तुमी आत हायेत."

मी म्हणलं, अरे मसाजी, ती आण मीच घातली, मीच मोडतो, सुटलास तू! तर म्हणतो, "तुमी घातली सर, पर घेतली मी. अन् द्येवाची घेतली. त्यात आज शिवरात्र. आज त मोडनारच न्हाई." मी ओरडलो. मी दार वाजवलं. मी अक्षरशः बोंबललो! तो बाहेरून शांतपणे म्हणतो, "सर, बोंबलले तरी न्हाई, हे तुमीच म्हनायला लावलं व्हतं."

मी म्हणलं बरं बाबा, तू नको लावू हात, रस्त्यावरून कोणालाही बोलव, यात्रेला हजार माणसं आलीत. तर म्हणतो, "परका मानूस ह्या लॅबात घ्यायचा न्हाई, हे बी तुमीच सांगितलं, दारावर लिवून लावलं." व्हय, लावलंय! तांबड्या शाईनं! माझ्याच अक्षरात! तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात नियम करू नयेत, केले तर मसाजीला सांगू नयेत.

शेवटी त्यानंच तोड काढली. "सिंधूबाईला घिऊन येतो सर. तिनं आण घेतली न्हाई, अन् ती परकी बी न्हाई." सिंधूबाई म्हणजे त्याची बायको. मी म्हणलं जा, पळ! तो पळाला. माझा मोबाईल त्याच्या खिशात. आणि सिंधूबाई कुठं? दर्शनाच्या रांगेत!

आता मी एकटा. अंधारात माणूस काय करतो? पहिला अर्धा तास चिडतो. पुढचा अर्धा तास देवाला हाक मारतो, पण ज्या देवाच्या आणेनं कोंडलं त्यालाच हाक काय मारायची? यात्रेचा भोंगा चालू, कोणाचं लेकरू हरवलंय, हिरवा झगा घातलेलं, आईनं चौकीजवळ यावं... मला वाटलं माझंही नाव पुकारा कोणीतरी! अंगद हरवलेत, वय एकोणचाळीस, निळे हात, ओळख पटवून घेऊन जावे! मग फिरकीचा आवाज बंद पडला. लाइट गेली असणार. अंधारात बसलेल्या माणसाला लाइट गेल्याचं असं कळतं! आणि मग खरं सांगतो, मला भीती वाटली. कोंडल्याची नाही. हे वाटलं की बाहेर असतो तरी काय वेगळं होतं? आठ वर्षं कोणी विचारलं की मी म्हणतो झालंच, थोडं राहिलंय. अर्धा तास अंधार, मग उजेड... कोणाचं घड्याळ लावलंय हे?

अडीच वाजता बाहेर बांगड्या वाजल्या. "सर, हायेत का?" नाही, जाऊन येतो म्हणलं! मूठ फिरली, दार उघडलं, उजेड असा डोळ्यात घुसला की मला काही दिसेना. साडेतीन तास! मसाजी चार हात लांब उभा, हात पाठीमागं बांधून, चुकून लागू नये म्हणून. म्हणतो, "ती म्हनली रांग सोडनार न्हाई, दर्शन झाल्याबिगर येनार न्हाई. मी बी थांबलो." आणि सिंधूबाईच्या हातात अंगारा, ती माझ्या कपाळाला लावायला पुढं आली आणि मागं चंचुपात्राकडं बघून म्हणाली, "पानी त चांगलं निवळलं की ओ सर."

निवळलं! मी वळून बघितलं. सकाळी शाईसारखं निळं ठेवलेलं पाणी... स्वच्छ! पलीकडचं रुमालात गुंडाळलेलं घड्याळ दिसत होतं पाण्यातून. आणि तळाला ती माझी पांढरी शुभ्र पावडर... गडद निळी! नीळ घातलेल्या बादलीच्या बुडासारखी!

कळलं का तुम्हाला? नाही कळलं? अहो ऊन कुठं लागलं होतं त्याला! एक किरण नाही! अंधारातच रंग गेला! म्हणजे उन्हानं काही मोडलंच नव्हतं, कधीच नव्हतं, आठ वर्षं! ही जाळी नुसती रंग धरून ठेवत होती, हळूहळू, दोन-तीन तास घेत. आम्ही तिला अर्धाच तास अंधार द्यायचो, मग उन्हात न्यायचो, ती उन्हातही आपली धरतच राहायची, आणि आम्ही वहीत लिहायचो, शाब्बास रे ऊन! जगाचा नियम अर्ध्या तासाचा, आणि हिला लागायचे तीन! मूठ निघाली नसती तर मी तसाच डॉक्टर झालो असतो!

आणि आता खरं डोक्यात जाणारं ऐका. मसाजी लांबूनच म्हणतो, "सर, मी मागंच म्हनलं व्हतं. तुमी म्हनता रंग मोडला, मंग पावडर धुताना इस्पिरिट निळं काहून निघून राहिलं? मोडलेलं निघतंय व्हय?" म्हणाला होता हो! दोन वर्षांपूर्वी, त्याच्या बोटांचा निळा रंग दाखवून म्हणाला होता! आणि मी काय म्हणलं होतं? "मसाजी, तू भांडी धू."

आता बघा, त्या खोलीत तिघंच. सिंधूबाईला वाटलं पाणी निवळलं, म्हणजे चांगलंच झालं. हंड्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, तसंच तिच्या लेखी. मी ते पात्र नुसतं मोरीत ओतलं असतं, वरती चार वेळांचे आकडे होतेच, पाचव्याचा आकडा घरी बसून काढला असता, एखादा टक्का कमी करून, सोमवारी पेपर गेला असता. परीक्षकाला साता समुद्रापलीकडून कागदाचं भोक दिसतं, मोरी थोडीच दिसणार! मंजुषा सुटली असती, रुद्र सुटला असता, मी सुटलो असतो. मी पात्र उचललं. खोटं काहून बोलू, उचललं होतं.

तेवढ्यात मसाजीनं वही उघडली. वेळा तोच लिहितो. पेन काढलं आणि विचारलं, "काय लिवू सर?"

तो उपाशी, देवळापर्यंत पळून रांगेत ताटकळलेला, एका मुठीला हात लावला नाही म्हणून. माझ्याच तोंडाकडं बघत उभा. त्याच्यासमोर कसं खोटं सांगू, सांगा तुम्ही! मी पात्र खाली ठेवलं. म्हणलं, लिव. अंधार साडेतीन तास. ऊन नाही. रंग गेला.

विश्वंभर सरांना फोन केला. सगळं ऐकलं. मग म्हणतात, "अंगद, तू साडेतीन तास अंधारात काय करून राहिला होता?" म्हणलं, सर, आठ वर्षं जे करून राहिलो तेच! मग सरच सावरले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "पावडर चांगली आहे, धरून ठेवते तर धरून ठेवते हेच लिहू. प्रबंधाच्या नावातलं प्रकाश-उत्प्रेरण काढ, अधिशोषण टाक. संपादकाला मुदत मागतो, विद्यापीठाकडून शेवटची वाढ घेऊ. पण आता अंधाराचे आकडे लागतील. सहा-सहा तासांचे. तीन वेळा. दर अर्ध्या तासाला नमुना."

नमुना काढायला माणूस आतच पाहिजे! आता हातानं चाचपून सिरींजनं काढता येतं मला. आणि आतली मूठ? तिचा अर्ज दिलाय, खरेदी समितीकडं आहे! मसाजीला म्हणलं तू बाहेरून दार तरी ओढून घे. तर म्हणतो, "आत हायेत तवर दाराला हात न्हाई. उघडायला बी न्हाई, लावायला बी न्हाई." म्हणून सकाळी शेताला जाताना सिंधूबाई मला कोंडते, आणि शेतातून परत आली की काढते. दोन खेपा झाल्या. आकडे सुंदर आलेत, तुम्हाला सांगतो, असे सुंदर आकडे उन्हात कधी आले नाहीत!

आज तिसरी. शेवटची. संपादकाची मुदत उद्या. साडेपाच तास झालेत, आता फक्त, काय म्हणायचं त्याला, अर्धा तास अंधार, मग उजेड! ह्या खेपेला खरंच! ती तांबड्या शाईची पाटी मीच काढून टाकली, म्हणून मसाजी तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून चहाला गेला, तुम्ही कोण, कशाला आलात, तपासणीवाले आहात का पोरांचे आईबाप, मला माहीत नाही, दारातून दिसत नाही ना. पण बसलात, ऐकून घेतलं, बरं वाटलं हो. एवढं मोकळं मी कोणाशी बोललो नव्हतो. हां, आणि कोण बाई आहेत त्या, मघापासून चुकचुकतात... नका वाईट वाटून घेऊ, सवय झाली आता. दया नका करू माझी. एवढीच विनंती, त्या मुठीला तेवढं कोणी...

...कोण उठलं?

ताई? ताई, नका! अहो ताई, नाही, मी अडकलो नाही, म्हणजे अडकलोच आहे, पण... ताई, मूठ...

...आला. आला उजेड.

नाही नाही, तुमची काही चूक नाही, ताई. नमस्कार. मीच अंगद... मसाजी, आलास का रे? चहा ठेव तिथं, आणि वही घे. लिव. वेळ, पुन्हा शून्य. आणि सिंधूबाईला निरोप दे, उद्या सकाळी कोंडायला ये म्हणावं.